फाटकाकडे येणारी बाई

४ सप्टेंबर

भिंगरे,

तुझ्या टीव्ही केंद्राने पाठवलेली संहिता काल पोचली. एका बैठकीत वाचली. तिसाव्या पानापर्यंत माझी मान डोलत होती. एकतिसावं पान उघडलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. एक काडी वाकली आहे, तिची भरपाई केंद्राने करावी.

काय लिहिलंय तिथे? ‘फाटक उघडतं. आई येते. मुलगी धावत जाऊन तिला बिलगते. संगीत.’

संगीत! अगं, ही गोष्ट लिहून तीस वर्षं झाली. वसतिगृहाला सुट्टी लागते, सगळ्या मुलींना न्यायला माणसं येतात, एकीला न्यायला कुणी येत नाही. ती आणि म्हातारा चौकीदार असे दोघंच त्या रिकाम्या इमारतीत बावीस दिवस काढतात. चौकीदारकाका तिला हरवलेल्या मोज्यांच्या बाहुल्या करून दाखवतात, खिडकीत खेळ करतात. शेवटच्या दिवशी ती स्वतःच्या हाताने शाळेची घंटा वाजवते आणि बाकीच्या मुली परत येतात. कुणीही तिला न्यायला येत नाही. तीच तर गोष्ट आहे! तिच्यातून तेवढंच काढून घेतलं, तर उरतं काय? मोजे!

जगात किती मुलांना कुणी न्यायला येत नाही, हे केंद्रातल्या साहेबांना ठाऊक आहे का? त्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी टीव्ही लावायचा आणि पाहायचं की चांगल्या मुलींची आई येते? म्हणजे आपण चांगले नाही, एवढंच शिकायचं? मुलं रडतील म्हणे. रडू देत. मुलांच्या रडण्याला घाबरणारी माणसंच मुलांशी सगळ्यात जास्त खोटं बोलतात.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘भिंगरीच्या चौकीदारकाकांना’ असं छापलंय. तू स्वतः त्या बाहुल्या करते आहेस, सगळा खेळ तुझ्या हाती आहे, आणि तू हे चालू दिलंस? हा शेवट कुणाच्या डोक्यातून निघाला त्याचं नाव कळव. त्याला वेगळं पत्र लिहीन. माझी सही झाल्याशिवाय एक अक्षर बदलता येणार नाही, हे करारात आहे. मी सही करणार नाही.

फोन करू नकोस, बिघडला आहे.

मावशी


१२ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र कार्यशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या सुताराने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, “बाईंना सांगा, चष्म्याची काडी मी करून देतो, सागवानी.”

काम जोरात आहे. मुलीच्या चार बाहुल्या केल्यात. एक चालायची, एक बसायची, एक जवळून दाखवायची, एक नुसती पाठमोरी. चेहरा सगळ्यांचा एकच. तुला गंमत वाटेल, पण बाहुलीला हसरा किंवा रडका चेहरा द्यायचा नसतो. काहीच न म्हणणारा द्यायचा. मग मान जरा खाली केली, वरून उजेड पडला की ती रडवेली दिसते, आणि तीच मान उचलली की हसते. बाकीचं बघणाऱ्याने करायचं.

अडलंय ते चौकीदारावर. डोकं झालंय, कागदाच्या लगद्याचं. मिशा घोड्याच्या केसांच्या. पण हातात घेतला की तो चालत नाही. आमच्याकडे आधी आवाज टेपवर घेतात आणि मग त्या आवाजावर बाहुली हलवतात. चौकीदाराचा आवाज एका जुन्या नटाने दिलाय, इतका मायाळू की साहेबांचे डोळे पाणावले. मी उंच टेबलाच्या आड हात वर करून उभी राहते, समोर मॉनिटरवर बाहुली दिसत असते, टेप सुरू होते, आणि माझा चौकीदार खांबासारखा उभा. आठ दिवस झाले. बाहुलीचा डावा हात धरणारी माझी जोडीदारीण म्हणते, “तू तर याला ओळखत होतीस ना?”

एकतिसाव्या पानाबद्दल सवडीने लिहिते.

आता मुख्य मागणी. गोष्ट सांगणाऱ्या बाईचा आवाज अजून घेतलेला नाही. टेपवर तिच्या जागा मोकळ्या सोडल्यात. सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि माझंही, की तो आवाज तुझाच हवा. भोंग्याशिवाय दहा हजार माणसांपर्यंत पोचणारा आवाज! एक दिवसाचं काम आहे. येशील? गाडी पाठवतील. माझ्याकडे राहा. मी बारा वर्षं इथे काम करतेय आणि तू एकदाही माझी कार्यशाळा पाहिलेली नाहीस.

आणि फोन दुरुस्त करून घे. आठवडाभर नुसती घंटी वाजते. बिघडलेल्या फोनची घंटी वाजत नाही, असं मला वाटायचं.

भिंगरी


२० सप्टेंबर

भिंगरे,

चौकीदार चालत नाही म्हणजे काय? बावीस दिवस तुझ्या डोळ्यांसमोर चालला तो माणूस! तुझी त्या सुट्टीतली पत्रं मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. काल काढली. घे, तुझ्याच शब्दांत:

‘मावशी, काका एक पाय ओढत चालतात पण बाहुली हातात घेतली की नाचतात.’

‘आज मोज्यांचा राजा झाला. त्याचं एका डोळ्याचं बटण पडलं तर काका म्हणाले, राजाला एकच डोळा पुरतो, दुसऱ्याने तो झोपतो.’

‘तू काळजी करू नको. मला खूप मजा येते. तुझ्या सभा होऊ देत.’

नऊ वर्षांची पोर! मी ही पत्रं दौऱ्यावर गावोगाव मिळवत होते. वीटभट्ट्यांवर, खाणींवर राबणाऱ्या मुलांना शाळा मिळावी म्हणून बावीस दिवसांत सदतीस सभा घेतल्या. रोज शेकडो पोरं समोर बसायची, अंगावर धड कपडा नाही. आणि खिशात तुझं पत्र. हेच पत्र वाचून मला कळलं की मूल म्हणजे काय ताकद असते. म्हणूनच तर पुस्तकात लिहिलं, ‘ज्याला न्यायला कुणी येत नाही, त्याने आपली घंटा आपण वाजवावी.’ हे वाक्य मी शंभर व्यासपीठांवरून म्हटलंय. एकदाही टाळी चुकली नाही.

तर चौकीदाराचा उजवा पाय ओढत ने, आणि बाहुली हातात आली की नाचव. झालं.

आवाजाचं म्हणशील तर नाही. मी टीव्हीच्या खोक्यासाठी बोलत नाही. ज्या ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, ज्याला मध्येच उठून प्रश्न विचारता येत नाही, त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. माझा आवाज माणसांसाठी आहे. कुणीतरी गोड गळ्याची शोधा. गाडी पाठवू नका. मी येणार नाही.

आणि त्या शेवटवाल्याचं नाव तू अजून सांगितलेलं नाहीस. ताकास तूर लागू देत नाहीस. मला कळत नाही असं समजू नकोस.

मावशी


१ ऑक्टोबर

मावशी,

तुझ्या पत्रातलं ‘मी येणार नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग कार्यशाळेला कुलूप लावलं आणि हे लिहायला बसले. तू रागावशील. रागाव.

शेवट मी बदलला.

संहिता लिहिणाऱ्याला मी सांगितलं, फाटक उघडू दे, एक बाई येऊ दे, हातात कापडी पिशवी, चालून चालून दमलेली. त्याने ‘आई’ लिहिलं. त्याचं चुकलं नाही. लहान मुलीला न्यायला बाई आली की लोक आईच समजतात. माझी आई तर त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. मी रोज चार वाजता फाटकापाशी जाऊन बसायचे, ते चारच्या बसने तू येशील म्हणून.

आणि चौकीदार मला हलवता येत नाही, कारण मला तो माहीतच नाही.

तो पाय ओढत नव्हता. मिशा होत्या की नाही, तेही आठवत नाही. तो फाटकाच्या खोलीत बसून असायचा. वाईट माणूस नव्हता गं. त्याचं बोलणं संपलेलं होतं, एवढंच. बावीस दिवसांत तो माझ्याशी चार वाक्यं बोलला. ‘फाटकाला हात लावू नकोस.’ ‘जेवण ठेवलंय.’ ‘दार लावून घे.’ आणि रोज संध्याकाळी, मी विचारायच्या आधीच, ‘कुणी आलं नाही.’

मोज्यांच्या बाहुल्या मी केल्या. पलंगांखाली पडलेले मोजे गोळा करून. राजाचा आवाज मी काढला, काकांचाही मीच. खेळ बघायला समोर सतरा रिकामे पलंग. आणि तुला पत्र लिहायला बसले की वाटायचं, खरं लिहिलं तर तुझ्या सभा बंद पडतील आणि त्या भट्टीवरच्या मुलांना शाळा मिळणार नाही. तू निघताना म्हणाली होतीस, “तू शहाणी आहेस म्हणून मी जाऊ शकते.” मग मी शहाणी राहिले.

घंटाही मी वाजवली नाही. दोर उंच होता. हात पोचत नव्हता.

दोन वर्षांनी तुझं पुस्तक आलं. माझ्या खोट्या काकांना तू ते अर्पण केलंस. आता कुठल्या तोंडाने सांगणार? तू व्यासपीठावर ते वाक्य म्हणायचीस, लोक टाळ्या वाजवायचे, मी पहिल्या रांगेत असायचे. मीही वाजवायचे.

तीस वर्षं गप्प बसले, आणखी बसले असते. पण ही बाहुली खोटं बोलायला तयार होत नाही. आणि एकदा, फक्त एकदा, टीव्हीवर का होईना, मला ते फाटक उघडलेलं बघायचं होतं. तुझा आवाज मागितला तोही त्याचसाठी. बहाणा होता. मला तू यायला हवी होतीस.

सही नको करूस. शेवट पुस्तकातलाच ठेवते.

भिंगरी


२४ ऑक्टोबर

भिंगरे,

तीन आठवडे लागले. सहा पत्रं फाडली. पहिल्या दोनांत मी भाषण करत होते. तिसऱ्यात तुला दोष देत होते, की एवढंसं खरं सांगता आलं नाही का. नऊ वर्षांच्या पोरीला विचारतेय मी हे! तेव्हा कळलं की कागद फाडलेला बरा.

आधी माझं खोटं सांगते, मग तुझं घेऊ.

फोन बिघडलेला नाही. मी उचलू शकत नाही, कारण उचलून करू काय? जूनमध्ये माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते, वरून रुमाल बांधते. आवाज नाही. घोगरा नाही, बारीक नाही. नाहीच. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस, आणि मला कुणी तसं पाहावं हे मला नको होतं. आयुष्यभर बोलून जगले. विरोधक म्हणायचे, या बाईची उचलली जीभ लावली टाळ्याला. आता जीभ आहे, टाळूही आहे. सगळ्यांचे नवस फळले.

शाळेतली जुनी पाटी काढली आहे. खडूने लिहिते, पुसते. भाजीवाली म्हणते, “बाई, लई बरं झालं, तुमचं भाव करणं आता लवकर उरकतं.”

आता तुझं. त्या दौऱ्यात नवव्या सभेनंतर चार दिवस मोकळे होते. चार! तुझ्या वसतिगृहापर्यंत सहा तासांची बस होती. मी आले असते, राहिले असते, परतही गेले असते. पण एका गावात अचानक सभागृह मिळालं आणि मी म्हटलं, पोर मजेत आहे, पत्रं आहेत ना. भिंगरे, मला शंका आली नव्हती असं नाही. पाय ओढणारा म्हातारा नाचतो कसा, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण मला ते पत्र खरं हवं होतं. ज्याला जायचं नसतं त्याला ‘मी मजेत आहे’ हे वाक्य फार लवकर पटतं.

त्या मुलांना शाळा मिळाल्या. अकरा. ते खोटं नाही, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण अकरा शाळांनी तुझी एक बस भरून येत नाही. दोन्ही खरं आहे. हे मी कुठल्या व्यासपीठावरून म्हणू शकले नसते. याला टाळी पडत नाही.

सोबत सही केलेला कागद आहे. शेवट तुझा. फक्त ‘आई’ खोडून ‘मावशी’ लिही.

आणि तो प्रसंग ज्या दिवशी चित्रित कराल तो दिवस कळव. मी येते. आवाज देऊ शकत नाही. पण तू लिहिलं होतंस ना एकदा, एका बाहुलीला दोन माणसं लागतात? एक डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा नुसता डावा हात. त्या बाईचा डावा हात मी धरीन. तेवढं शिकव.

मावशी


२ नोव्हेंबर

मावशी, माझी मावशी,

तुझ्या पाकिटाला खडूची पूड लागलेली होती. मी ती पुसली नाही.

किती बोलायचंय, पण ते सगळं समोरासमोर. पाटी घेऊन ये. मीही एक विकत आणली आहे. मी बोलायचं आणि तू लिहायचं, असं नको. दोघीही लिहू.

अठरा तारखेला चार वाजता तो प्रसंग आहे. चार मीच ठरवले. सकाळी साडेनऊची बस धर, चार नंबरच्या फलाटावरून सुटते, अडीचला इथे पोचते. मी स्टुडिओच्या फाटकापाशी उभी राहीन. खरंच फाटक आहे, हिरवं, कुरकुरणारं.

बाई तयार आहे. तुझी कापडी पिशवी, खांद्याला तिरकी. चष्म्याची एक काडी वाकडी, ती सुताराने मुद्दाम वाकवली. डाव्या हाताचं काम एवढंच: फाटकाची कडी उचलायची आणि मग तो हात मुलीच्या डोक्यावर ठेवायचा. घाई करायची नाही. बाहुलीचा हात हळू गेला तरच तो हात वाटतो, लवकर गेला तर काठी वाटते.

आणि ऐक, चौकीदार चालू लागला. मी तो मायाळू आवाज काढून टाकायला लावला. आता तो चारच वाक्यं बोलतो, आणि बाहुल्यांचा खेळ मुलगीच करते. साहेब आधी कुरकुरले, मग बघितल्यावर ‘राहू द्या’ म्हणाले. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांत वजन आलं. तोही बिचारा कुणाची तरी वाट बघत असेल, असं वाटतं.

भिंगरी


१९ नोव्हेंबर

मावशी,

अडीचची बस आली. साडेतीनची आली. मी फाटकापाशी होते. स्टुडिओ सहापर्यंतच आपला होता. सव्वापाचला जोडीदारीण बाहेर आली. म्हणाली, “दिवे तापलेत गं, काय करायचं?”

फाटक बंदच ठेवून घेतला प्रसंग. मुलगी बसते. चौकीदार येतो आणि त्याचं चौथं वाक्य म्हणतो.

पुस्तकाशी इमान राखलं. तुला आवडेल.

भिंगरी


२७ नोव्हेंबर

भिंगरे,

रुग्णालयाच्या कागदावर लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं आहे. तुझं पत्र शेजारच्या शिंप्याने आज आणून दिलं.

मी निघाले होते.

एवढंच वाक्य लिहून पाकीट बंद करावं असं वाटत होतं. पण आपण दोघींनी अर्धवट सांगून बरंच नुकसान केलंय, म्हणून सगळं सांगते.

साडेआठलाच स्थानकावर पोचले. पिशवीत पाटी, दोन खडू, तुझ्यासाठी बिस्किटांचा डबा, पत्रांसकट. चार नंबरच्या फलाटावर पहिली उभी होते. मग भोंग्यावरून सांगितलं, बस नऊ नंबरवरून सुटेल. ऐकू मला उत्तम येतं. निघाले. मध्ये माणसंच माणसं, गाठोडी, पोरं. ‘अहो, जरा वाट द्या’ हे चार शब्द असतात ना, ते किती कामाचे असतात ते मला त्या दिवशी कळलं. माणूस वाट देतो ती शब्दाला देतो. मी खांद्याला हात लावत होते, लोक पिशवी सावरून माझ्याकडे चोरासारखं बघत होते.

नऊ नंबरला पोचले तेव्हा बस वळत होती. मी पाटी वर केली. त्यावर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? तुझा पत्ता. बस थांबवायला पत्ता! वाहक पाठमोरा होता. मी धावले. आणि मी तोंड उघडलं, भिंगरे, पूर्ण उघडलं, जसं मैदानात उघडायचे. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, रुमाल उडाला.

चालू मोर्चा एका हाकेत थांबवलाय मी. एक बस थांबवता आली नाही.

त्या भोकात धूळ गेली आणि श्वास अडकला. पडले. चहावाल्याने इथे आणलं. पाटी फुटली, पण तुकडा मोठा आहे, काम भागतं. डॉक्टर म्हणतात, गाठ छातीत उतरली आहे. किती दिवस, ते मी विचारलं नाही. पाटीवर तेवढा लांब प्रश्न मावत नाही.

प्रसंग घेतलास ते योग्य केलंस. कुणी आलं नाही, हे खरं आहे. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. तू रागावली असशील तर राग धरून ठेव, त्यावर तुझा हक्क आहे. फक्त त्यात एवढी भर घाल, की या वेळी मी निघाले होते.

मावशी


५ डिसेंबर

मावशी,

रविवारी तुझ्याजवळ बसून आले, तरी हे लिहितेच. आपण पाट्यांवर जे लिहिलं ते सगळं पुसलं गेलं. पाट्यांचं तेच वाईट.

तुझं पत्र आलं त्या सकाळी सुतार सेट मोडायला लागले होते. खिडकी काढून झाली होती, फाटकाला हात घालणार होते. मी ओरडले. इतकी मोठ्याने, की आपला काडीवाला सुतार म्हणाला, “बाईंचा आवाज तुमच्याकडे आला वाटतं.”

फाटकाच्या पलीकडे आमच्याकडे काहीच नव्हतं, नुसता करडा पडदा. त्याच्यापुढे दोन दिवसांत रस्ता केला. भुसा, माती, दूरची झाडं बोटाएवढी. आणि त्या रस्त्यावर एक बाई केली, दोन बोटांएवढी. तोंड नाही, एवढ्या लांबून तोंड दिसत नसतं. पण पिशवी आहे, तिरकी, आणि ती पुढे वाकून, घाईने चालते. नायलॉनच्या दोऱ्याने मी तिला ओढत आणलं, एका वेळी गहूभर.

आता असं होतं: चौकीदार म्हणतो, ‘कुणी आलं नाही.’ मुलगी मान खाली घालते. कॅमेरा तिच्या डोक्यावरून वर जातो, फाटकाच्या गजांमधून पलीकडे, आणि लांब त्या रस्त्यावर ती दिसते. मुलीला ती दिसत नाही. आपल्याला दिसते. ती चालत राहते आणि तिथेच संपतं.

साहेबांनी विचारलं, “पोचते की नाही, ते दाखवा ना.” मी म्हटलं, “अंतर आहे तेवढं दाखवलंय.”

सांगणाऱ्या बाईच्या बाकीच्या जागा कापल्या, पण त्या ठिकाणी टेपवर तुझ्या आवाजाची जागा मोकळी होती, चाळीस सेकंद. तिथे दुसरं कुणी वाचेना का, असं सगळे म्हणाले. संगीत तरी घालू, म्हणाले. मी दोन्हीला नाही म्हटलं. ती जागा तुझी आहे. तशीच ठेवली.

वीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता. परिचारिकेला सांगून ठेवलंय, वॉर्डातला टीव्ही लावा म्हणून. कामातून सुटले की मी त्याच रात्रीची बस धरते.

भिंगरी


२० डिसेंबर, संध्याकाळी

भिंगरे,

तू पोचशील तेव्हा मी जागी असेन-नसेन, म्हणून लिहून उशीखाली ठेवतेय. हात दुखतो, थोडक्यात लिहीन. हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणतेय.

पाहिलं. सगळा वॉर्ड पाहत होता. सलाईनच्या दांड्या घेऊन बायका टीव्हीपुढे जमल्या होत्या. मोज्यांच्या राजाला सगळे हसले. सतरा रिकामे पलंग दिसले तेव्हा कुणी हसलं नाही. तो खेळ मी तीस वर्षं सांगत होते, पण कुणापुढे चालला होता ते आज पाहिलं.

मग रस्ता आला. चाळीस सेकंद काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी माझा आवाज ओळखला.

बाजूच्या खाटेवरच्या बाईंची नात आली आहे, सहा वर्षांची, सुट्टीला म्हणून. माझ्याच पलंगावर चढून बसली होती. संपल्यावर नावं वर सरकायला लागली तसा तिने माझा हात हलवला. “ओ आजी, ती बाई पोचते का हो?”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. गोष्ट माझी आहे, हे परिचारिकेने सांगून ठेवलं होतं. मी पाटीचा तुकडा घेतला. ‘हो’ लिहिलं असतं, तर तेच खोटं, ज्याच्यावरून मी चष्मा आपटला होता. ‘नाही’ लिहायला हात होईना. मग लिहिलं, ‘उशिरा.’

तिने एकेक अक्षर लावून वाचलं. मग म्हणाली, “मग त्या मुलीला सांगा ना, तोवर जेवून घे म्हणावं. उपाशी नको बसू.”

तर जेवून घे, भिंगरे.

मावशी